वर्गणीदाराच्या शोधात: उद्देशपत्रिकेपासून बंगळुरूच्या लँडिंग पेजपर्यंत

इंटरनेटवरील एखाद्या जाहिरातीवर किंवा दुव्यावर बोट ठेवल्यानंतर वाचक ज्या पानावर प्रथम येऊन पोहोचतो, त्याला या व्यवसायात 'लँडिंग पेज' म्हणतात. हे पान ईमेलने नियमित पाठवल्या जाणाऱ्या वार्तापत्रासाठी, म्हणजे न्यूजलेटरसाठी, रचलेले असेल तर त्यावर सहसा एकच मागणी असते, ती म्हणजे वाचकाने आपला ईमेल पत्ता द्यावा. वर मोठ्या अक्षरांत एक आश्वासन, त्याखाली पत्ता लिहिण्याची चौकट, शेजारी एक बटण आणि तळाशी 'नको असलेले पाठवणार नाही' अशा अर्थाची बारीक अक्षरांतील ओळ, एवढाच त्याचा संसार. बंगळुरूमध्ये गेल्या दहाएक वर्षांत वार्तापत्रांचा धंदा उभा राहिला तो याच पानाच्या आधारावर, आणि म्हणून हे पान तंत्रज्ञानाचे नवे अपत्य समजले जाते. वस्तुतः अजून न पाहिलेल्या मालासाठी वाचकाचे नाव आणि पत्ता मागण्याची ही विद्या नियतकालिकांइतकीच जुनी आहे, आणि तिचा इतिहास मुख्यतः एका प्रश्नाभोवती फिरतो: पहिला विश्वास कोणी टाकायचा, पाठवणाऱ्याने की घेणाऱ्याने?

मराठीत या प्रश्नाची सुरुवात 'दर्पण'पासूनच होते. बाळशास्त्री जांभेकरांच्या या पत्राचा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघाला. परंतु त्याआधी, १८३१ च्या अखेरीस, पत्राचा हेतू सांगणारे आणि आश्रय मागणारे प्रस्तावपत्र लोकांपुढे ठेवण्यात आले होते. वर्तमानपत्र म्हणजे काय हेच ज्या समाजाला सांगावे लागत होते, त्या समाजाकडून पैसे मागण्यापूर्वी त्या वस्तूचे प्रयोजन पटवून देणे भाग होते, आणि हे काम अंकाने नव्हे तर अंकापूर्वीच्या त्या कागदाने करायचे होते. पुढे अर्ध्या शतकाने 'केसरी' निघण्यापूर्वीही हेच घडले. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर आणि त्यांचे सहकारी यांनी १८८० साली प्रसिद्ध केलेल्या उद्देशपत्रकात पत्रातून कोणकोणते विषय येतील हे तर सांगितले होतेच, शिवाय रात्री रस्त्यांवर दिवे असले आणि पोलिसांची गस्त फिरत असली म्हणजे जो उपयोग होतो तोच वर्तमानपत्रांमुळे होतो, असा युक्तिवादही मांडला होता. आजच्या परिभाषेत याला मूल्य-प्रस्ताव म्हणतील. म्हणजे घेणाऱ्याला यातून काय मिळणार याचे थोडक्यात आणि ठसठशीत निवेदन. 'केसरी'चा पहिला अंक ४ जानेवारी १८८१ चा, म्हणजे आश्वासन आणि माल यांत काही महिन्यांचेच अंतर होते. परंतु त्या अंतरात वाचकाच्या मनात अंकाची प्रतीक्षा निर्माण झाली होती, आणि ती निर्माण करणे हेच त्या पत्रकाचे काम होते.

या कागदाला बळ दिले ते टपालखात्याने. १८५४ च्या कायद्याने देशभर अंतराचा विचार न करता समान दराची टपालव्यवस्था आणि तिकिटे आली, तेव्हा मुंबई-पुण्याचे पत्र रत्नागिरी, नागपूर किंवा बेळगावच्या वाचकाला परवडेल अशा खर्चात पोहोचू लागले आणि वर्गणीदार ही गावापुरती मर्यादित नसलेली अशी नवी व्यक्ती जन्माला आली. परंतु तिच्याबरोबर थकबाकीही जन्माला आली. अंक आधी पाठवायचा आणि वर्गणी मागाहून मागायची, या रिवाजात विश्वास टाकणारा संपादक असे आणि फसणाराही बहुधा तोच असे. म्हणूनच जुन्या मासिकांच्या मुखपृष्ठांवर आगाऊ वर्गणीचा दर वेगळा, मागाहून भरणाराचा वेगळा आणि टपालहशील निराळे, अशी वाक्ये आढळतात. मधूनमधून वर्गणीदारांना केलेल्या विनवण्या वाचल्या तर त्या काळच्या संपादकाचा निम्मा वेळ लेखनात आणि निम्मा वसुलीत जात असावा, असे वाटू लागते. १८७७ मध्ये टपालखात्याने व्ही.पी.ची, म्हणजे टपालवाल्याने माल देतानाच किंमत वसूल करून ती पाठवणाऱ्याला पोहोचवण्याची, सोय सुरू केली. या सोयीचे महत्त्व मराठी ग्रंथव्यवहाराच्या इतिहासात पुरेसे नोंदले गेलेले नाही. दोन अनोळखी माणसांमधल्या अविश्वासावर सरकारी खात्याने काढलेला तो पहिला व्यवहार्य तोडगा होता.

तथापि आजच्या ईमेल वार्तापत्राचा खरा पूर्वज शोधायचा तर तो दैनिकांत किंवा साप्ताहिकांत सापडत नाही. तो औंध संस्थानातील एका कारखान्यात सापडतो. लोखंडी नांगर करणाऱ्या किर्लोस्करवाडीहून १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले, ते मुळात कारखान्याच्या बातम्या आणि त्याच्या मालाची माहिती ग्राहकांपर्यंत नेणारे पत्रक होते. नांगर विकत घेणारा शेतकरी एकदा नांगर घेतला की वर्षानुवर्षे पुन्हा दुकानात येत नाही. त्याच्याशी संबंध टिकवायचा तर त्याला वाचावेसे वाटेल असे काहीतरी नियमितपणे धाडले पाहिजे, हा त्यामागचा धंदेवाईक विचार. पण वाचनीय मजकूर देण्याच्या नादात जाहिरात मागे पडली आणि मजकूर पुढे आला. १९२९ मध्ये 'किर्लोस्कर' या नावाने ते स्वतंत्र मासिक म्हणून स्थिरावले आणि पुढे त्याच घरातून १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' निघाले. मालाच्या निमित्ताने पत्ते गोळा करावेत, पत्त्यांवर मजकूर पाठवावा आणि मजकुरामुळे मालावरचा विश्वास वाढावा, हे चक्र महाराष्ट्रात त्या काळी कोणत्याही पाठ्यपुस्तकाविना फिरवले गेले. किर्लोस्करांचा उद्योग पुढे म्हैसूर संस्थानात हरिहरला आणि १९४६ मध्ये विजेच्या यंत्रांसाठी बंगळुरूला पोहोचला. ते चक्र मात्र बंगळुरूत वेगळ्याच हातांनी आणि फार उशिरा फिरू लागले.

बंगळुरूचे स्वतःचे टपाली वाचनविश्वही लहान नव्हते. बी. व्ही. रामन यांनी १९३६ साली पुनरुज्जीवित केलेले 'ॲस्ट्रॉलॉजिकल मॅगझिन' हे इंग्रजी मासिक या शहरातून सात दशके निघत राहिले आणि त्याच्या वर्गणीदारांत कानडी मुलुखाबाहेरचा वाचक मोठ्या संख्येने होता. त्याचा अखेरचा अंक डिसेंबर २००७ चा. लँडिंग पेजच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध प्रयोग अमेरिकेत त्याच महिन्यात व्हावा, हा योगायोग ज्योतिषाने आधी सांगितला होता की नाही, ते ठाऊक नाही.

ईमेल या शहरात आले ते बाजारपेठेच्या मार्गाने नव्हे, तर विद्येच्या मार्गाने. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी कंपनीने येथे आपले केंद्र काढले आणि उपग्रहाच्या दुव्याने आपले काम परदेशी धाडण्यास सुरुवात केली. १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 'अर्नेट' हे शैक्षणिक संगणकजाळे उभारायला घेतले, तेव्हा त्यातील मोजक्या संस्थांत मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राबरोबर बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्थाही होती. पुण्यात १९८१ साली सुरू झालेली इन्फोसिस तोवर, म्हणजे १९८३ मध्येच, बंगळुरूला निघून गेली होती. या सर्व वर्षांत ईमेल पत्ता ही संस्थेने दिलेली, नोकरीबरोबर येणारी आणि नोकरीबरोबर जाणारी वस्तू होती. त्यामुळे अनोळखी माणसाने तो मागावा आणि तो खुशीने द्यावा, असा प्रसंगच येत नव्हता. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ पासून सामान्य ग्राहकांना इंटरनेट देण्यास प्रारंभ केला आणि ४ जुलै १९९६ रोजी हॉटमेल सुरू झाले, तेव्हा पत्ता प्रथमच व्यक्तीच्या मालकीचा आणि फुकटचा झाला. हॉटमेलच्या दोन संस्थापकांपैकी सबीर भाटिया यांचे बालपण बंगळुरूत गेले होते. त्यांच्या सेवेने वर्गणीदार मिळवण्याच्या कलेत एक खरोखरीची नवी युक्ती आणली: ग्राहकाने पाठवलेल्या प्रत्येक पत्राच्या तळाशी, तुम्हीही येथे फुकट पत्ता घ्या, अशी एक ओळ आपोआप जोडली जाई. घेणाऱ्याने ती ओळ दाबली की तो थेट नोंदणीच्या पानावर जाई. डिसेंबर १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही सेवा विकत घेतली तोवर तिचे ८५ लाखांहून अधिक ग्राहक झाले होते. यात आश्वासन कंपनीने दिलेले नव्हते, ते ओळखीच्या माणसाच्या पत्रातून आले होते. विश्वास उसना घेण्याची ही रीत आजतागायत चालू आहे.

विश्वास उसना घेता येतो तसा तो बुडवताही येतो. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थ्युर्क यांनी अमेरिकेच्या अर्पानेट जाळ्यावरील सुमारे चारशे जणांना न मागितलेली जाहिरात पाठवली, ती अशा प्रकारची पहिली मानली जाते. १९९० च्या दशकात तिचा पूर आला आणि तिला 'स्पॅम' हे नाव पडले. टपालाने जाहिरात पाठवणाऱ्याला प्रत्येक प्रतीमागे कागद, छपाई आणि तिकीट यांचा खर्च येई आणि तो खर्चच एका अर्थी वाचकाचा पहारेकरी होता. ईमेलमध्ये हजारावा पत्ता आणि लाखावा पत्ता यांचा खर्च जवळजवळ सारखाच, म्हणून पहारा उठला. सेठ गॉडिन यांनी १९९९ साली 'परमिशन मार्केटिंग' या पुस्तकातून, आधी संमती आणि मग संदेश, हा क्रम मांडला तो या पार्श्वभूमीवर. त्याच सुमारास दुहेरी नोंदणीची पद्धतही रूढ होत गेली. हिच्यात पानावर पत्ता लिहिल्याने वाचक वर्गणीदार होत नाही. त्या पत्त्यावर एक पत्र येते आणि त्यातील दुवा दाबल्यावरच नाव यादीत चढते. जुन्या मासिकांत वर्गणी पोचल्याची जी 'पोच' छापून येत असे तिचेच हे उलटे रूप म्हणता येईल, कारण येथे पोच वर्गणीदारानेच द्यायची असते.

लँडिंग पेज हा स्वतंत्र रचनाप्रकार म्हणून घडला तो मात्र जाहिरातीच्या हिशेबातून. गूगलने ऑक्टोबर २००० मध्ये शोधनिकालांशेजारी जाहिराती देण्याची 'ॲडवर्ड्स' व्यवस्था आणली आणि पुढे जाहिरातदाराकडून प्रत्येक टिचकीमागे पैसे घेण्याची रीत सर्वत्र पसरली, तेव्हा ज्या टिचकीसाठी पैसे मोजले तिच्यातून आलेला माणूस मुख्य पानावरच्या पंचवीस दुव्यांत हरवू देणे परवडेनासे झाले. म्हणून त्याच्यासाठी वेगळे पान, त्यावर एकच मागणी, आणि दुसरीकडे जाण्याच्या वाटा शक्य तितक्या बंद. यातील मोजमापाची दृष्टी पूर्णपणे नवी नव्हती. टपालाने माल विकणारे अमेरिकी जाहिरातदार विसाव्या शतकाच्या आरंभीच प्रत्येक वर्तमानपत्रातील कुपनावर वेगळी खूण छापून, कोणत्या मथळ्याने किती गिऱ्हाईक आणले ते मोजत असत, आणि क्लॉड हॉपकिन्स यांनी १९२३ सालच्या आपल्या पुस्तकात त्याचे शास्त्रच मांडले होते. मात्र तेव्हा उत्तर यायला आठवडे लागत. पडद्यावर ते तासाभरात येऊ लागले.

डिसेंबर २००७ चा तो प्रयोग बराक ओबामा यांच्या अध्यक्षपदाच्या प्रचाराचा. संकेतस्थळावर येणाऱ्याला प्रथम एक पान दिसे, त्यावर चित्र किंवा चलचित्र असे आणि खाली ईमेल पत्ता मागणारी चौकट व बटण. डॅन सिरोकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बटणावरील मजकुराचे चार आणि वरील दृश्याचे सहा पर्याय घेऊन त्यांच्या चोवीस जोड्या केल्या आणि ३,१०,३८२ पाहुण्यांना त्या वाटून दाखवल्या. प्रचारातील लोकांना चलचित्रे आवडली होती. प्रत्यक्षात तिन्ही चलचित्रे सर्व स्थिर चित्रांपेक्षा मागे पडली. मूळ पानावर 'नाव नोंदवा' अशा अर्थाचे बटण होते आणि शंभरातले ८.२६ जण पत्ता देत होते. कुटुंबाचे छायाचित्र आणि 'अधिक जाणून घ्या' अशा अर्थाचे बटण, या जोडीने ते प्रमाण ११.६ वर नेले, म्हणजे वाढ ४०.६ टक्क्यांची. प्रचाराअखेर यादीत सुमारे एक कोटी पत्ते जमले आणि त्यांतील २८ लाखांहून अधिक या एका बदलामुळे आले, असा सिरोकर यांचा हिशेब आहे. एका प्रयोगातील प्रमाण सबंध प्रचारभर तसेच राहिले असते असे गृहीत धरून केलेला हा हिशेब सैल आहे. पण बटणावरचे दोन शब्द बदलल्याने माणसाची संमती बदलते, एवढे तरी त्यातून निर्विवादपणे दिसले. 'नाव नोंदवा' हे शब्द वाचकावर बांधिलकी टाकतात. 'अधिक जाणून घ्या' काहीच मागत नसल्यासारखे बोलतात आणि मग पत्ताच मागतात. या कलेतील कौशल्य आणि तिच्यातील खोट, दोन्ही एकाच जागी उगवतात, हे येथे पाहण्यासारखे आहे. सिरोकर यांनी पुढे अशा चाचण्यांचे साधन विकणारी 'ऑप्टिमायझली' ही कंपनी सहसंस्थापक म्हणून काढली, आणि भारतात दिल्लीच्या 'विंगिफाय'ने जवळपास त्याच काळात तसेच साधन बाजारात आणले.

बंगळुरूत या सर्व धाग्यांची गाठ पडली ती २०१६ नंतर. शहरात नवउद्योगांचा पसारा होता, त्यांत पैसा गुंतवणाऱ्यांचे वर्तुळ होते, आणि आपल्या धंद्यावर परिणाम करणारी बातमी इतरांआधी समजावी म्हणून पैसे मोजण्यास तयार असलेला इंग्रजी वाचक होता. त्या वर्षी सुरू झालेल्या 'द केन'ने जाहिरातींवर न विसंबता दिवसाला एकच दीर्घ वृत्तलेख आणि तोही वर्गणीदारांनाच, असा नेम घातला. येथे लँडिंग पेजला दोन कामे करावी लागली. लेखाचा आरंभ वाचायला देऊन पुढचा भाग अडवायचा, त्या अडवण्याच्या जागी प्रथम पत्ता आणि मग पैसा मागायचा, म्हणजे संमतीचे दोन टप्पे करायचे. 'केसरी'च्या उद्देशपत्रकाने जे काम विषयांची यादी देऊन केले ते येथे अर्धवट सोडलेला परिच्छेद करतो. पहिल्या रीतीत वाचकाच्या विवेकाला आवाहन होते, दुसरीत त्याच्या अपुऱ्या राहिलेल्या कुतूहलाला. दुसरी रीत अधिक परिणामकारक असेलही, पण अधिक प्रांजळ नाही.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या 'फिनशॉट्स'ची वाट निराळी होती. अर्थव्यवहारातील एखादी घडामोड तीन मिनिटांत वाचून होईल अशा सोप्या इंग्रजीत समजावून सांगणारे हे वार्तापत्र पूर्णपणे फुकट ठेवले गेले, आणि नोंदणीच्या पानावरील आश्वासनही त्या तीन मिनिटांचेच होते. वाचकाकडून वेळ किती घेणार हे आधीच सांगून टाकणे, ही या पानाची खरी कल्पकता. कारण ज्याच्या पेटीत रोज पन्नास पत्रे येऊन पडतात त्याला पैशापेक्षा वेळेची धास्ती अधिक असते. पुढे याच मंडळींनी 'डिटो' या नावाने विमासल्ल्याचा व्यवसाय उभारला. फुकट मजकुरातून मिळवलेला विश्वास दुसऱ्या मालाच्या विक्रीत वापरण्याची ही पद्धत बंगळुरूच्या वर्तुळात आधुनिक म्हणून वाखाणली जाते. किर्लोस्करवाडीच्या वाचकाला तीत नांगराच्या जागी विमा आलेला दिसेल. फरक एवढाच की 'खबर'च्या बाबतीत माल आधी होता आणि मजकूर नंतर आला, येथे मजकूर आधी आणि माल मागाहून.

पत्ता हीच किंमत ठरल्यावर ती लबाडीने काढून घेण्याच्या युक्त्याही वाढल्या. चौकटीत आधीच बरोबरची खूण करून ठेवायची, नकाराचे बटण फिकट रंगात लपवायचे, किंवा त्यावर 'मला शहाणे व्हायचे नाही' अशा धर्तीचे वाक्य घालून नाकारणाऱ्याला ओशाळे करायचे, हे प्रकार सर्रास झाले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या रचनांचे तेरा प्रकार नावानिशी ठरवून दिले, त्यांत या ओशाळे करण्याचाही समावेश आहे. त्याआधी न मागितलेल्या ईमेलला काहीसा आवर घालू शकेल असे एक उपकलम माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ अ मध्ये होते. परंतु ते कलमच अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कारणास्तव सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय २४ ऑगस्ट २०१७ चा, आणि ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो ते न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयातून निवृत्त झालेले बंगळुरूचे रहिवासी होते. आधारविरुद्ध न्यायालयात गेलेल्या या वृद्ध गृहस्थांच्या अर्जातून निघालेला प्रवाह अखेर त्यांच्याच शहरातील नोंदणीच्या पानांपर्यंत येऊन पोहोचला. त्याच मालिकेतील २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्वक आणि स्पष्ट कृतीतून दिलेली असावी अशी अट घातली, आणि ती देणे जितके सोपे तितकेच मागे घेणेही सोपे असावे असे बंधन टाकले. काही बदल कायद्यावाचूनच झाले. गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून घाऊक पत्रे धाडणाऱ्यांना एका टिचकीत नाव काढून घेण्याची सोय सक्तीची केली. ॲपलने तर २०२१ मध्येच अशी व्यवस्था आणली होती की पत्र उघडले गेले की नाही, हे पाठवणाऱ्याला खात्रीने कळू नये. त्यामुळे यादीचा आकार हा यशाचा पुरावा मानण्याची सवय निदान जाणत्या मंडळींत मोडू लागली.

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि पत्ते गोळा करणाऱ्यांवरील मुख्य जबाबदाऱ्यांसाठी दीड वर्षाची मुदत ठेवण्यात आली. कायद्यातील एका तरतुदीकडे मराठी वाचकाने लक्ष द्यावे असे आहे. संमती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय वाचकाला मिळाला पाहिजे, असे ती सांगते. बंगळुरूची नावाजलेली वार्तापत्रे इंग्रजीत निघतात. त्यांच्या नोंदणीच्या पानांवर कन्नडही क्वचितच दिसते, मग मराठीची गोष्ट दूरच. ती मुदत संपल्यावर सोलापूरच्या किंवा बेळगावच्या वाचकाला बंगळुरूच्या अशा पानावर आपल्या पत्त्याचे काय होणार हे मराठीत वाचण्याचा अधिकार असेल, आणि ज्या वार्तापत्रासाठी तो पत्ता द्यायचा, ते मात्र त्याला इंग्रजीतच वाचावे लागेल.